वनिताला ऊन लागलं नव्हतं

माझ्या गावच्या मायबापांनो, बायांनो, आणि नदी ओलांडून उन्हातान्हाचे आलेले पाहुणे हो,

मला बोलता येतं, असं गाव म्हणतं. पंधरा ऑगस्ट असो की सव्वीस जानेवारी, शाळेच्या पटांगणात माईक आला की कोणीतरी म्हणतंच, शीतलला बोलवा, ती बोलते. आज माईक हातात घेतला आणि काय बोलू ते सुचत नाही. कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद तसाच घडी करून ठेवते. त्यात सगळं चांगलं चांगलं लिहिलं आहे आणि त्यातलं काहीच वाचवत नाही.

मध्येच थांबले, तर थोडी वाट पाहा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी शीतल. वनिताची मैत्रीण. तिच्या घराच्या आणि आमच्या घराच्या मध्ये बांबूचं कुंपण आहे, आणि त्या कुंपणाला आम्ही दोघींनी लहानपणीच भोक पाडलं होतं. तिच्या बाबांनी ते किती वेळा बुजवलं असेल. शेवटी त्यांनी नाद सोडला.

वनिता लग्नाच्या मांडवातून दवाखान्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला सोडून गेली. हे सगळ्यांना माहीत आहे. कशानं गेली, तेही सगळ्यांना माहीत आहे असं आपण म्हणतो. ऊन लागलं. चौकातल्या फ्लेक्सवर तेच लिहिलं आहे. येणारा जाणारा तेच बोलतो. काय तापमान व यंदा, पोरगी नाजूक होती, ऊन लागलं.

आज सकाळी मोठेबाबांनी, म्हणजे वनिताच्या बाबांच्या थोरल्या भावांनी, मला बोलावून घेतलं. म्हणाले, "शीतल, चांगलं बोलजो. पोरगी किती गुनाची होती ते सांग. ऊन लागलं म्हन, अन् बस. बाकीचं काई काढू नोको. लहानीचं लगन व्हायचं हाय अजून."

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. त्यांच्या घरातून निघाले ती थेट पल्लवीकडे गेले. पल्लवी, वनिताची लहान बहीण, बारावीला आहे. ती मागच्या दारी तेरवीची भांडी घासत होती. मी तिला विचारलं, पल्लवी, मी खरं सांगितलं तर तुला पाहायला कोणी येणार नाही. सांगू का?

तिनं भांडं खाली ठेवलं नाही. घासता घासताच म्हणाली, "सांग, ताई. नाई येतीन त नाई येतीन. जो येईन तो मालूम करून त येईन."

मग मी तिच्या मायकडे पाहिलं. माय चुलीपुढं बसली होती. तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली की आता काय उरलं म्हणून हलवली, मला कळलं नाही. मी ते हो धरलं आहे.

तर ऐका. वनिताला ऊन लागलं नव्हतं. वनिताला सिकलसेल होता. पल्लवीलाही आहे.

मोठेबाबा, मी पाहते आहे. तुम्ही रागावलात. तुमचा मान ठेवूनच बोलते आहे. मला बोलू द्या. नंतर जे म्हणायचं ते म्हणा, मी खाली मान घालून ऐकेन.

आम्ही आठवीत होतो तेव्हा शाळेत रक्त तपासायला आले होते. वनिताला त्याच्याही आधीपासून हातपाय दुखायचे, मधूनच ताप यायचा. घरचे म्हणायचे वात आहे. मग ते रक्त तपासून गेले आणि काही दिवसांनी नर्सबाई आल्या. त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. म्हणाल्या, बाळा, रक्तातल्या पेशी गोल असतात, तुझ्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. म्हणून दुखतं.

वनितानं ऐकून घेतलं. नर्सबाईंकडे पाहून म्हणाली, "मंग धान कापाले कामी येतीन."

नर्सबाई हसल्या आणि लगेच त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मला तेव्हा वाटलं की त्यांना शिंक आली.

त्यांनी तिला काय काय पाळायचं ते सांगितलं होतं. रोजची गोळी चुकवायची नाही. थंडीत भिजायचं नाही. फार दमायचं नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळा एकच सांगितलं. पाणी पी. तहान लागो न लागो, पाणी पी. अंगात पाणी कमी झालं की त्या वाकड्या पेशी चिकटतात.

असं होतं तिचं जगणं. महिना दोन महिने एकदम ठणठणीत. सायकल हाणायची, मोहफुलं वेचायला जायची, धानाच्या रोवण्याला जायची, माझ्यापेक्षा जोरात हसायची. आणि मग एक दिवस खाटेवर. गुडघे पोटाशी घेऊन, दात दाबून. गरम पाण्याची पिशवी, गोळी, सलाईन. पुन्हा महिना दोन महिने ठणठणीत. दुखणं आलं की ती रडायची, आणि गेलं की त्याच्याबद्दल एक शब्द बोलायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "गेलं ना ते? मंग त्याची आठवन काहाले काढते?"

बारावीच्या परीक्षेत एका पेपरला ती दवाखान्यात होती. तो पेपर राहिला. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. मग तिनं पुस्तकं बांधून माझ्याकडे दिली आणि शिलाई मशीन घेतली. बायांनो, तुमच्यापैकी कितीजणींनी आज तिच्या हातचं ब्लाउज घातलं असेल. तिच्या ओसरीवर तुम्ही यायच्या, आणि तिचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. "पाठीचा गळा मोठा पाहिजे म्हनते, अन् सासू आली की पदर घेते. मंग गळा कोनाले दाखवाले करून राह्यली व?" तुम्ही हसायच्या आणि तिला शिव्या द्यायच्या. आणि जेव्हा ती मशीनच्या बाजूला पाय पोटाशी घेऊन आडवी दिसायची तेव्हा तुम्ही विचारायच्या, काय झालं व पोरी? ती सांगायची, "पायाची शिलाई उसवली, मोठीमाय. उद्या ये."

उद्या ये. तुम्ही परत जायच्या. तुम्हाला वाटायचं, पोरगी आळशी आहे.

मी पदवीधर झाले. आमच्या घरात, आमच्या सगळ्या भाऊबंदांत पहिली. निकाल मोबाईलवर आला. माझ्या आईला तो वाचता येत नाही. मी तिला सांगायच्या आधी कुंपणाच्या भोकातून वनिताच आत आली होती. तिनं मोबाईल हिसकला आणि गल्लीत जाऊन ओरडत सुटली. माझे टक्के तिनं चांगले वाढवून सांगितले. मी तिला पकडलं, म्हटलं, खोटं काऊन सांगून राह्यली? तर म्हणते, "अव, माप घेतानी चार बोटं सैल ठेवा लागते. तुह्ये टक्के बी सैल ठेवले."

मग मला नोकरी लागली नाही. एकदा नाही, प्रत्येक वेळी नाही. आता तालुक्याच्या शाळेत तासावर शिकवते, तेही पुढच्या वर्षी असेल की नाही माहीत नाही. बसमधून उतरून मी घरी न जाता आधी तिच्या ओसरीवर जायचे. रडायचे. ती मशीन थांबवायची नाही. म्हणायची, "रड, पन तिकडं सरकून रड. गिऱ्हाइकाचं कापड भिजते." अर्ध्या तासानं चहा आणायची. अशी होती. तिनं मला कधी धीराचे शब्द सांगितले नाहीत. तिला ते येत नव्हते. पण तिच्या ओसरीवरून मी कधी तशीच्या तशी घरी गेले नाही.

आता लग्नाचं सांगते.

वनिताला लग्न करायचं होतं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण आता काहीजण म्हणत आहेत की आईबापांनी बळजबरी केली. नाही केली. तिला हवं होतं. तिला हळद लावून घ्यायची होती, तिला शालू नेसायचा होता, स्वतःच्या ब्लाउजला तिनं हातानं टिकल्या लावल्या होत्या. एकदा मी शहाणपणानं म्हटलं, लग्न म्हणजेच सगळं असतं का? तिनं सुईतून दोरा काढला आणि म्हणाली, "तुह्याकडे डिग्री हाय. तू म्हनू शकते."



आधी एक स्थळ आलं होतं. जवळचंच होतं, पाहुणे खूश होऊन गेले होते. मग आपल्याच गावातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं, पोरगी बिमार राहते. कोणी सांगितलं ते मला माहीत नाही आणि मला ते काढायचंही नाही. सांगणाऱ्यानं खोटं तर सांगितलं नव्हतं. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. त्या दिवसापासून वनिताच्या घरानं तोंड शिवून घेतलं. गोळ्यांचा डबा मांडणीवरून उचलून कणगीमागे गेला. आणि पुढचं स्थळ पाहिलं ते नदीपलीकडचं, चामोर्शीकडचं. त्या गावात आपलं कोणी ओळखीचं नाही म्हणून.

मुलगा वाईट नव्हता. प्रफुल त्याचं नाव. मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, शांत आहे, हसताना तोंडावर हात ठेवतो. आणि आज तुम्हाला जे माहीत नाही ते सांगते. पाहुणे कुंकू लावून, सोयरीक पक्की करून गेल्यावर वनितानं स्वतः फोन करून त्याला सगळं सांगितलं होतं. मी बाजूला बसले होते. फोन स्पीकरवर होता.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मले चालते. पन आत्ता माह्या आईले नोको सांगू. लगन होऊ दे. लगन झाल्यावर मी सांगतो."

मायही हेच म्हणत होती. लगन झाल्यावर सांगू. बाबाही हेच. लगन होऊन जाऊ दे. एकदा का अक्षता पडल्या की मग सांगू, मग ते समजून घेतील, मग ती त्यांचीच होईल. सगळे थांबले होते. तिच्यावर ज्यांचा ज्यांचा जीव होता, तो प्रत्येकजण लग्न होऊन जाण्याची वाट पाहत थांबला होता.

आपल्याकडं हळद लागली की नवरीनं एकटीनं उंबरठा ओलांडायचा नाही. हातात लोखंड पाहिजे म्हणून अडकित्ता देतात. संगं बाया पाहिजेत. नवरीला परसात जायचं असलं तरी दोघीतिघी तिच्यासोबत निघतात, कोणी पुढं, कोणी मागं, आणि बाकीच्या बसल्या जागेवरून विचारतात, कुठी चालली नवरी? त्यात पाहुण्यांनी भरलेलं घर, परसातल्या संडासापुढं रांग. आणि लग्न लागेपर्यंत नवरीचा उपास.

पाणी पिऊ नको असं तिला कोणीच म्हटलं नाही. हे मी देवाशपथ सांगते. कोणीच नाही. फक्त पाणी प्यायलं की उठावं लागतं. आणि उठलं की अडकित्ता, बाया, आणि सगळ्यांच्या नजरा. हळदीच्या संध्याकाळपासून ती घोट घोट प्यायली. रात्रीपासून तेही बंद केलं. सासरच्या बाया हळद घेऊन आलेल्या होत्या. त्यांच्यासमोर सारखं सारखं उठायचं कसं? त्यांनी विचारलं तर काय सांगायचं?

आपल्या इथल्या प्रत्येक मुलीनं हे केलं आहे. एसटीत बसायचं म्हणून पाणी प्यायचं नाही. रोवण्यावर आडोसा नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. मीही करते. मला त्याचं काही होत नाही, तोंड कोरडं पडतं एवढंच. तिचं रक्त वेगळं होतं.

लग्नाच्या दिवशी मी तिच्याजवळ ग्लास घेऊन गेले. तिनं हातानं बाजूला केला. मी पुन्हा नेला. म्हटलं, वनिता, पी, तुला माहीत आहे ना? तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते डोळे मी अजून पाहते आहे. म्हणाली, "शीतल, रोजच बिमार राहतो व. आज नोको. आज मी बिमार नाई. आज मी नवरी आहो."

सांगा मला. यावर काय बोलायचं? मी बी.एस्सी. झाले आहे, रक्ताचा धडा मी मुलांना शिकवते. यावर काय बोलायचं ते मला कोणत्या वर्गात शिकवलं होतं?

मुहूर्त दुपारचा होता. वरात चौकात नाचत होती. नाचू दे, वर्षातून पोरांना तेवढंच. तास गेला, आणखी गेला. मांडवाच्या दारात थंड पाण्याच्या कॅनी रचलेल्या होत्या. प्रत्येक येणारा पाहुणा आधी तिथं थांबत होता, दोन दोन ग्लास पीत होता, उरलेलं तोंडावर मारत होता. नवरी आतल्या खोलीत टिनाच्या पत्र्याखाली शालू नेसून बसली होती.

अंतरपाट धरला तेव्हा मी तिच्या मागं उभी होते. तिनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग परत पहिल्यावर. मला कळलं. ती मागं वळून न पाहता म्हणाली, "छातीत धरून राह्यलं व." मी म्हटलं, सांगू का कोणाला? म्हणाली, "दोनच मंगलाष्टका राह्यल्या."

त्या दोन मंगलाष्टका तिनं उभ्यानं काढल्या. हार घातला. फोटोसाठी हसली पण. तो फोटो चौकातल्या फ्लेक्सवर आहे. जाताना नीट पाहा, तिचे ओठ पाहा.

मग ती खाली बसली. बसली नाही, पडली.

आणि मांडव एकच बोलला. ऊन लागलं! ऊन लागलं! कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी शालूवरूनच त्या कॅनीतलं बर्फासारखं पाणी तिच्या अंगावर ओतायला लागलं. एक कॅन, मग दुसरी. चांगल्या मनानं ओतत होते हो. ऊन लागलेल्या माणसाला तेच करतात. मी ओरडत होते, थंड पाणी नका टाकू, तिला सिकलसेल आहे, तिला प्यायला द्या. डीजे चालू होता. कोणी ऐकलं नाही. ऐकलं फक्त तिच्या मायनं, कारण ती माझ्या अगदी जवळ होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, काही म्हटलं नाही, फक्त पाहिलं. तिच्या बाजूला तिची विहीण उभी होती.

आदल्या संध्याकाळपासून जे पाणी तिच्या पोटात गेलं नाही, ते सगळं तिच्या अंगावरून वाहून मांडवाच्या मातीत गेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पेशंटला आधीचा काही आजार? विहीणबाई तिथंच होत्या. काकांनी, म्हणजे वनिताच्या बाबांनी, सांगितलं, नाही, काही नाही, ऊन लागलं. मी मागून मोटारसायकलवर पोहोचले. आत गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. मग धावपळ झाली, ऑक्सिजन लागला, जिल्ह्याला न्यायला गाडी निघाली. सगळ्यांनी खूप केलं. मी सांगितलं तोवर वेळ गेली होती, की मांडवातच गेली होती, मला माहीत नाही. मी कोणाला विचारलं नाही. विचारणारही नाही.

काका, तुम्ही खाली पाहू नका. मी तुम्हाला दोष द्यायला उभी नाही. ह्याच माणसानं पुराच्या दिवसांत, नाल्यावरून पाणी जात असताना, वनिताला पाठीवर घेऊन तालुक्याची वाट धरली होती. मी ते पाहिलं आहे. काकांनी त्या दिवशी डॉक्टरांना "नाही" म्हटलं ते स्वतःसाठी म्हटलं नाही. मुलगी उद्या बरी होईल, सासरी जाईल, आणि तिथं तिला कोणी बोलू नये, म्हणून म्हटलं. बापाला वाटलं ती बरी होणारच आहे. प्रत्येक वेळी झाली होती ना?

प्रफुलनं तिला अग्नी दिला. मग त्याच्या घरचे त्याला घेऊन गेले. ते म्हणतात, आम्हाला फसवलं. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. आज तो आला नाही. त्याचा काल फोन आला होता. "मी सांगनार होतो, शीतलबाई. खरंच सांगनार होतो." एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तुम्हाला वाटत असेल, शीतल आता शेवटी काहीतरी आशेचं बोलेल. नेहमी बोलते. वनिताचं बलिदान वाया जाणार नाही, असं काहीतरी.

मला तसं म्हणता येत नाही. तिनं बलिदान दिलं नाही. तिला जगायचं होतं.

मला खरंच वाटायचं की मी शिकले की सांगेन, आणि सांगितलं की लोक ऐकतील. सव्वीस जानेवारीला ह्याच पटांगणात मी सिकलसेलवर भाषण केलं होतं. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा, लपवू नका, म्हटलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. वनिता पहिल्या रांगेत होती, सगळ्यांत जोरात तिच्या टाळ्या. घरी जाताना म्हणाली, "भाषन मस्त झालं. माह्यं नाव नाई घेतलं, बरं केलं." त्या भाषणानंतर तपासायला कोणी गेलं का? मी आरोग्य केंद्रात विचारलं होतं. कोणी नाही.

आणि आता तरी? ती गेल्यानंतर, अजून तेरवीसुद्धा झाली नव्हती तेव्हा, शेजारच्या टोलीवर, त्या लहानशा वस्तीत, लग्न होतं. माझ्या शाळेतल्या शिपाई बाईंची भाची. मी गेले. नवरी तशीच बसली होती, तसेच कोरडे ओठ, मांडीवर तसाच अडकित्ता. मी ग्लास भरून नेला. तिच्या मावशीनं माझा हात धरला. हळूच म्हणाली, शीतल, तू तिकडची. आज नोको हात लावू. शकुन-अपशकुन असते ना बाई.

मी ग्लास खाली ठेवला आणि न जेवता घरी आले.

म्हणून सांगते, मला काही बदलेल असं वाटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा लग्नं होतील, कॅनी रचल्या जातील, नवऱ्या उपाशीतापाशी बसतील, आणि त्यांतल्या कोणाच्या रक्तात काय आहे ते त्यांच्या मायलाच ठाऊक असेल. ती माय गप्प बसेल. का बसणार नाही? बोलल्यावर काय होतं ते तिनं पाहिलेलं असतं. ते आजही दिसेल. मघाशी मी पल्लवीचं नाव घेतलं, तर पाठीमागे दोघीजणी एकमेकींच्या कानाला लागल्या. मी इथून पाहिलं. आज सूर्य मावळायच्या आत हे नदीपलीकडं जाईल. पल्लवीच्या मावशीनं तिच्यासाठी एक घर मनात धरलं होतं. ते घर आता गेलं. मी घालवलं, तिला विचारून घालवलं, आणि त्याच्या बदल्यात तिला द्यायला माझ्याकडे काहीच नाही. नोकरी नाही, औषध नाही, समजूतदार माणूस नाही. फक्त एवढंच की उद्या तिची छाती भरली, तर तिच्या बाजूला उभं असलेल्या कोणालाही डॉक्टरांना खोटं सांगावं लागणार नाही.

हे फार थोडं आहे. मला माहीत आहे, हे फार थोडं आहे.

वनिता, तू असतीस तर म्हटलं असतंस, किती लांबवून राह्यली व, लोकाईचे पाय आखडले. हो. थांबते.

आता आपण तिच्यासाठी थोडा वेळ शांत उभे राहू. कोणी खोकलं, कोणाचं लेकरू रडलं तर रडू द्या. आजी, तुम्ही काठीचा आधार घ्या. काका, उठा, मी धरते.

पल्लवी, तू नको उठू. तू मघापासून खांबाला पाय लावून बसली आहेस आणि आत्ताही सगळे उठतात म्हणून उठायला लागलीस. तुझे पाय दुखत आहेत. बसून राहा. सगळ्यांच्या समोर, बसून राहा.

बाकीचे उभे राहा.